फुत्बोल, बालोम्पिए आणि एक तिरकी रेघ : स्पॅनिश क्रीडाशब्दांचा इतिहास

१/
माद्रिद आणि ब्यूनोस आयर्स येथे ‘फुत्बोल’ म्हणताना जोर पहिल्या अक्षरावर पडतो. मेक्सिको सिटीत तोच शब्द उच्चारताना जोर शेवटच्या अक्षरावर जातो. भाषा एक, खेळ एक, शब्द एक. उच्चार मात्र दोन, आणि स्पॅनिश भाषेची शाही अकादमी दोन्ही शुद्ध मानते. हे कसे घडले? खेळाला नाव देण्याचा अधिकार नेमका कोणाचा : राजाचा, पंडिताचा, हुकूमशहाचा, की खेळणाऱ्यांचा? तेराव्या शतकापासून विसाव्या शतकापर्यंत पसरलेली ही शब्दांची कथा. (थ्रेड)

२/
आधी आघाताविषयी. शब्दातील कोणत्या अक्षरावर जोर दिला यावरून मराठीत अर्थ बदलत नाही. स्पॅनिशमध्ये तो बदलतो. ‘गानो’मधील पहिल्या अक्षरावर आघात दिला तर अर्थ ‘मी जिंकतो’. शेवटच्या अक्षरावर दिला तर ‘तो जिंकला’. ‘नादो’ म्हणजे ‘मी पोहतो’ किंवा ‘तो पोहला’. ‘खुगो’ची गंमत आणखी वेगळी : आघात पहिल्या अक्षरावर असेल तर फळांचा रस, शेवटच्या अक्षरावर असेल तर ‘तो खेळला’. देवनागरीत या जोड्या एकसारख्याच दिसतात. रोमन लिपीत त्यांना वेगळे करते ती स्वरावरची एक छोटी तिरकी रेघ. तिचे नाव ‘तिल्दे’.

३/
ही रेघ मनाला येईल तेथे देत नाहीत. शब्दाच्या शेवटी स्वर, ‘न’ किंवा ‘स’ असेल तर आघात आपोआप उपान्त्य अक्षरावर पडतो. इतर कोणतेही व्यंजन असेल तर तो शेवटच्या अक्षरावर पडतो. जो शब्द ही शिस्त मोडतो त्यावर रेघ देऊन वाचणाऱ्याला सावध केले जाते. आघात उपान्त्याच्याही मागे गेला तर रेघ नेहमीच द्यावी लागते. स्पॅनिश अकादमीची स्थापना १७१३ची. पण आजच्या नियमांचा साचा पक्का झाला तो तिच्या १८८०च्या व्याकरणात. योगायोग असा की त्यानंतरच्या दशकांतच इंग्रजी खेळांचे शब्द स्पेनच्या बंदरांत उतरू लागले. नवे नियम आणि नवे शब्द यांची गाठ जवळजवळ एकाच काळात पडली.

४/
मात्र विरंगुळ्याचा स्पॅनिश शब्दसंग्रह इंग्रजांपेक्षा फार जुना आहे. ‘ओसिओ’ म्हणजे निवांत वेळ. मूळ लॅटिन ‘ओतिउम’. या शब्दाला नकार जोडून रोमनांनी ‘नेगोतिउम’ घडवला, अर्थात ‘निवांतपणा नसणे’, म्हणजेच कामधंदा. स्पॅनिशमधला ‘नेगोसिओ’ (व्यापार) तोच. भाषेच्या दृष्टीने विश्रांती ही मूळ अवस्था आणि व्यवसाय हा तिचा अभाव! दुपारच्या झोपेची प्रसिद्ध ‘सिएस्ता’ही लॅटिनच : सूर्योदयापासून मोजलेली सहावी घटिका, ‘सेक्स्ता’, म्हणजे मध्यान्ह. या तिन्ही शब्दांत आघात नियमानुसारच पडतो, म्हणून एकावरही रेघ नाही.

५/
आता ‘देपोर्ते’. आज याचा अर्थ क्रीडा. मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये मात्र तो मन रमवणे, करमणूक या अर्थाने येत असे. त्याचाच फ्रेंच भाऊबंद ‘देस्पोर’ इंग्लंडात गेला, तेथे त्याचा ‘डिस्पोर्ट’ झाला आणि पुढे आद्याक्षरे गळून ‘स्पोर्ट’ उरला. इकडे स्पेनमध्ये ‘देपोर्ते’ मागे पडत गेला. आधुनिक काळात इंग्रजी ‘स्पोर्ट’ला प्रतिशब्द हवा झाला तेव्हा हा जुनाच शब्द धूळ झटकून पुन्हा वापरात आणला गेला. परका वाटणारा पाहुणा प्रत्यक्षात दूरचा नातलग निघाला.

६/
यापेक्षाही लांबचा प्रवास एका शब्दाने केला आणि तो भारतातून निघाला. संस्कृत ‘चतुरंग’, पारशी ‘चत्रंग’, अरबी ‘शत्रंज’ आणि स्पॅनिश ‘आखेद्रेस’ : बुद्धिबळाचे हे एकच नाव चार भाषांच्या जिभांवर घासून बदलत गेले. सुरुवातीचा ‘आ’ अरबी उपपदाचा अवशेष आहे. इबेरियन द्वीपकल्पावरील शतकानुशतकांच्या अरबी सत्तेची ती खूण. शेवटी ‘स’चा उच्चार ऐकू येतो, पण लिखाणात तेथे ‘झेड’ हे अक्षर आहे. म्हणून आघात शेवटच्या अक्षरावर पडूनही रेघेची गरज नाही. (स्पेनच्या बऱ्याच भागांत या अक्षराचा उच्चार ‘थ’ होतो, लॅटिन अमेरिकेत ‘स’.)

७/
कॅस्टीलचा राजा दहावा आल्फोन्सो ‘ज्ञानी’ म्हणून ओळखला जातो. त्याच्या आश्रयाने १२८३मध्ये सेव्हिल येथे बुद्धिबळ, फासे आणि सोंगट्यांच्या खेळांवरील सचित्र ग्रंथ सिद्ध झाला. त्याची हस्तलिखित प्रत एल एस्कोरिआलच्या ग्रंथालयात आहे. माणसांनी दुःखे सोसावीत म्हणून देवानेच त्यांना आनंदाचे नाना प्रकार दिले, असा त्याच्या प्रस्तावनेचा सूर आहे. खेळांचे तीन वर्गही तेथे सांगितले आहेत : घोड्यावरचे, पायांवरचे आणि बैठे. बैठे खेळ स्त्रिया, वृद्ध, बंदिवान आणि समुद्रप्रवासी यांनाही रात्रंदिवस खेळता येतात, हे त्यांचे विशेष महत्त्व. सातशे वर्षांपूर्वीच्या राजग्रंथात फुरसतीचा असा गांभीर्याने केलेला विचार क्वचितच आढळतो.

८/
याच ग्रंथाच्या आरंभी भारतातील एका राजाची कथा येते. त्याच्या दरबारातील एक विद्वान म्हणतो, जगात बुद्धी श्रेष्ठ. दुसरा म्हणतो, नशीब श्रेष्ठ. तिसरा म्हणतो, दोहोंचा मेळ हवा. राजा तिघांनाही पुरावा आणायला सांगतो. पहिला बुद्धिबळ आणतो, दुसरा फासे, तिसरा सोंगट्यांचा पट. कथा खरी की कल्पित हा प्रश्न वेगळा. पण हा खेळ पूर्वेकडून, भारतातून आला ही जाणीव सेव्हिलच्या दरबारात होती, एवढे त्यातून स्पष्ट होते.

९/
पटावरील सोंगट्यांची नावे मराठी वाचकाला विशेष रंजक वाटतील. मराठीत ज्याला ‘उंट’ म्हणतात त्याला स्पॅनिशमध्ये ‘आल्फिल’ म्हणतात. हा अरबी ‘अल्-फील’, म्हणजे हत्ती! मराठेशाहीच्या अठरा कारखान्यांतील ‘पीलखाना’ (हत्तीखाना) ज्या पारशी ‘पील’पासून आला, त्याचेच अरबी रूप ‘फील’. स्पॅनिश खेळाडू आजही हत्ती चालवतो, पण आपण हत्ती म्हणतो आहोत याची त्याला सहसा कल्पना नसते. ‘खाके माते’ म्हणजे आपले ‘शह’ आणि ‘मात’. मध्ययुगात ‘खाके’चा उच्चार ‘शाके’सारखा होता; सोळाव्या-सतराव्या शतकांत स्पॅनिशमधील तो ‘श’ बदलत जाऊन ‘ख’ झाला. त्यामुळे ‘शाह’शी असलेले नाते कानाला ओळखू येईनासे झाले.

१०/
‘वजीर’ मात्र स्पेनमध्ये टिकला नाही. आल्फोन्सोच्या ग्रंथात त्या सोंगटीचे नाव ‘आल्फेर्सा’ आहे, म्हणजे अरबी-पारशी परंपरेतील मंत्री, आणि तिची चालही एका घराची. पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये तिला पटावरची सर्वांत मोठी ताकद मिळाली आणि नाव पडले ‘दामा’. सालामांका येथे १४९७मध्ये छापलेल्या लुसेनाच्या पुस्तकात जुना आणि नवा असे दोन्ही खेळ नोंदवले आहेत. त्या वेळी कॅस्टीलच्या सिंहासनावर इसाबेला राणी होती. काही अभ्यासक या बदलाचा संबंध तिच्याशी जोडतात. एक गोष्ट निश्चित : येथे शब्द बदलला तो खेळ बदलल्यामुळे. कोणी फर्मान काढले म्हणून नव्हे.

११/
आता एकोणिसाव्या शतकाकडे. आंदालुसियातील रिओतिंतोच्या खाणी ब्रिटिश कंपनीच्या ताब्यात होत्या. तेथील ब्रिटिश मंडळींच्या पुढाकाराने १८८९मध्ये ‘उएल्वा रिक्रिएशन क्लब’ स्थापन झाला. आज तो स्पेनचा सर्वांत जुना फुटबॉल क्लब मानला जातो. उत्तरेत बिल्बाओच्या तरुणांनी १८९८मध्ये क्लब काढला आणि नाव ठेवले इंग्रजी, ‘अॅथलेटिक’. अर्जेंटिनात खेळ रुजला तो ब्रिटिश रेल्वे आणि शाळांच्या आधाराने. रोसारिओच्या ‘न्यूवेल्स ओल्ड बॉईज’ या क्लबच्या नावात तर इंग्रज शिक्षक आणि त्याचे माजी विद्यार्थी दोघेही आहेत. ‘रिव्हर प्लेट’ म्हणजे ‘रिओ दे ला प्लाता’ या नदीचे इंग्रजी नाव. इंग्रजी नाव हे त्या काळी आधुनिकतेचे चिन्ह होते.

१२/
शब्द आले आणि लोकांनी ते आपल्या तोंडाप्रमाणे वळवले. ‘गोल’ जसाच्या तसा राहिला. ‘शूट’चा ‘चुत’ आणि त्यावरून चेंडू मारणे या अर्थाचे क्रियापद ‘चुतार’. ‘कॉर्नर’चा ‘कोर्नेर’, ‘रेकॉर्ड’चा ‘रेकोर्द’, ‘लीडर’चा ‘लिदेर’; या तिन्हींत आघात पहिल्या अक्षरावर आणि शेवट ‘र’ किंवा ‘द’वर, म्हणून तिन्हींवर रेघ. ‘तेनिस’मध्येही आघात पहिल्याच अक्षरावर आहे, पण शेवटी ‘स’ असल्याने रेघ नको. शब्दारंभी ‘स’ला जोडून दुसरे व्यंजन स्पॅनिश जिभेला रुचत नाही, म्हणून ‘स्की’ झाला ‘एस्की’ : आघात शेवटी, शेवट स्वराने, सबब रेघ हवी.

१३/
मग ‘फुत्बोल’चे दोन उच्चार का? शेवटी ‘ल’ असलेल्या स्पॅनिश शब्दांत आघात बहुधा शेवटच्या अक्षरावर असतो : ‘पापेल’ (कागद), ‘एस्पान्योल’ (स्पॅनिश). मेक्सिकोने आणि मध्य अमेरिकेच्या काही भागांनी नव्या शब्दाला याच देशी चालीत बसवले. तेथे रेघ लागत नाही. स्पेन आणि बहुतेक दक्षिण अमेरिकेने इंग्रजीतला पहिल्या अक्षरावरचा आघात कायम ठेवला. तो नियमाबाहेरचा, म्हणून ‘उ’वर रेघ आली. बेसबॉलच्या ‘बेइस्बोल’ या शब्दाचीही हीच कथा : स्पेनमध्ये आघात आधी, मेक्सिकोत शेवटी. रेघ असलेले रूप इंग्रजीशी अधिक प्रामाणिक, रेघ नसलेले अधिक देशी. दोन्हींचे लेखन मात्र पूर्णपणे स्पॅनिश नियमांचे.

१४/
परक्या शब्दांचा हा ओघ सर्वांनाच मानवला नाही. प्रसिद्ध पत्रकार मारिआनो दे काव्हिया यांनी १९०८मध्ये ‘एल इम्पार्सिआल’ या वृत्तपत्रातून फुटबॉलला अस्सल स्पॅनिश शब्द सुचवला : ‘बालोम्पिए’. ‘बालोन’ म्हणजे मोठा चेंडू, ‘पिए’ म्हणजे पाय. घडण निर्दोष, अर्थ उघड, शेवटच्या अक्षरावर आघात आणि त्यावर रेघ. व्याकरणाला बोट ठेवायला जागा नव्हती. तरीही मैदानावरचा प्रेक्षक ‘फुत्बोल’च म्हणत राहिला. ‘बालोम्पिए’ उरला तो प्रामुख्याने क्लबांच्या नावांत. १९१४च्या विलीनीकरणातून घडलेला सेव्हिलचा ‘रेआल बेतिस बालोम्पिए’ हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध स्मारक.

१५/
यावरून घडवलेले शब्द कधीच रुजत नाहीत, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. त्याच पद्धतीने घडलेला ‘बालोनसेस्तो’ (‘बालोन’ आणि ‘सेस्तो’ म्हणजे टोपली) हा बास्केटबॉलसाठी स्पेनमध्ये रोजच्या बोलण्यातला शब्द झाला. हँडबॉलचा ‘बालोनमानो’ही असाच रुजला. ‘बालोम्पिए’ला जे साधले नाही ते यांना साधले. शब्द चांगला असणे पुरत नाही. ‘बालोम्पिए’ आला तेव्हा ‘फुत्बोल’ लोकांच्या ओठांवर आधीच बसलेला होता.

१६/
काव्हिया यांनी सूचना केली होती. पुढच्या पर्वात सक्ती आली. यादवी युद्ध १९३९मध्ये संपले आणि फ्रांकोची हुकूमशाही स्पेनवर बसली. परकी नावे राष्ट्राच्या प्रतिष्ठेला बाधक ठरवून १९४०-४१मध्ये क्लबांना नावे बदलायला लावली गेली. बिल्बाओच्या ‘अॅथलेटिक’चा ‘आत्लेतिको’ झाला. ‘स्पोर्टिंग’ दे खिखोन ‘रेआल खिखोन’ झाला. ‘फुटबॉल क्लब बार्सिलोना’ झाला ‘क्लुब दे फुत्बोल बार्सेलोना’. कॅटलान आणि बास्क भाषांवरही याच राजवटीने सार्वजनिक जीवनात कडक बंधने घातली होती. त्यामुळे हा बदल केवळ पाट्या रंगवण्यापुरता नव्हता; कोणी कोणत्या भाषेत स्वतःचे नाव सांगावे, हेच सत्ता ठरवू पाहत होती.

१७/
या आदेशातील एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. ‘फुटबॉल क्लब’ हा शब्दक्रम इंग्रजी म्हणून बदलला गेला. ‘अॅथलेटिक’ परका म्हणून हटवला गेला. पण ‘फुत्बोल’ मात्र नव्या अधिकृत नावांत सन्मानाने बसला. ‘रेआल माद्रिद क्लुब दे फुत्बोल’ हे नाव त्याच काळातले. इंग्रजीविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या राजवटीलाही हा शब्द इंग्रजी वाटला नाही. तीन-चार दशकांच्या रोजच्या वापराने, स्पॅनिश लेखनाने आणि त्या एका तिरक्या रेघेने तो घरचा होऊन गेला होता.

१८/
सक्तीने दिलेली नावे किती टिकली? बिल्बाओच्या क्लबने १९७२मध्ये ‘अॅथलेटिक’ हे आपले मूळ नाव परत मिळवले. फ्रांको तेव्हा जिवंत होता. बार्सिलोनानेही १९७०च्या दशकात जुने नाव परत घेतले, आणि तेही कॅटलान रूपात. कॅटलानमधील ‘फुत्बोल’वर रेघ नसते आणि आघात शेवटच्या अक्षरावर असतो. म्हणजे एकाच देशात, एकाच स्पर्धेत, माद्रिदच्या क्लबच्या नावातला आघात एकीकडे आणि बार्सिलोनाच्या नावातला दुसरीकडे. माद्रिदचा ‘आत्लेतिको’ मात्र स्पॅनिश रूपातच राहिला. त्याची सुरुवात १९०३मध्ये बिल्बाओच्या क्लबची शाखा म्हणून झाली होती. आज ‘अॅथलेटिक’ आणि ‘आत्लेतिको’ हा फरकच दोघांची ओळख आहे.

१९/
अटलांटिकच्या पलीकडे शब्दांनी आणखी वाटा घेतल्या. दक्षिण अमेरिकेत मैदानाला ‘कांचा’ म्हणतात. मूळ केचुआ भाषेतला, अर्थ कुंपण घातलेली जागा. कुस्कोतील इंकांच्या सूर्यमंदिराचे नाव ‘कोरिकांचा’, म्हणजे सोन्याचे आवार. जिंकलेल्या लोकांचा शब्द जिंकणाऱ्यांच्या भाषेत शिरला आणि खेळाच्या मैदानावर अजून जिवंत आहे. क्यूबात बेसबॉलला प्रेमाने नुसते ‘पेलोता’ (चेंडू) म्हणतात. एकोणिसाव्या शतकात, स्पेनविरुद्ध स्वातंत्र्याची चळवळ वाढत असताना, अनेक क्यूबन तरुणांना बैलझुंज ही वसाहतीची आणि बेसबॉल ही नव्या राष्ट्राची खूण वाटत होती. ‘पेनल्टी’ला स्पेनमध्ये ‘पेनाल्ती’ म्हणतात, अर्जेंटिनात ‘पेनाल’. दोन्हींत आघात ‘नाल’वरच.

२०/
महाराष्ट्राशी जोडलेला एक शब्द राहिला : ‘बादमिंतोन’. या खेळाचे नाव इंग्लंडमधील बॅडमिंटन हाउसवरून पडले. पण ब्रिटिश अधिकारी तो हिंदुस्थानातील छावण्यांत खेळत असत, १८७०च्या दशकातील त्याचे आरंभीचे नियम पुण्याशी निगडित आहेत आणि एके काळी त्या खेळाला ‘पूना’ असेही म्हणत. स्पॅनिशने इंग्रजी आघात राखला. तो उपान्त्याच्याही मागे, पहिल्या अक्षरावर पडतो, म्हणून रेघ अटळ. पंच या अर्थाचा ‘आर्बित्रो’ही याच गटातला, पण तो थेट लॅटिनमधून आलेला.

२१/
स्पॅनिश शिकू पाहणाऱ्यांसाठी सारांश, आघातासह :
• दे-पोर-ते (क्रीडा) : मधल्या अक्षरावर, रेघ नाही
• आ-खे-द्रेस (बुद्धिबळ) : शेवटी, रेघ नाही
• बा-लोन (मोठा चेंडू) : शेवटी, रेघ आहे, अनेकवचन ‘बालोनेस’, आघात ‘लो’वरच, पण रेघ गळते
• ना-ता-सिओन (पोहणे) : शेवटी, रेघ आहे
• ए-कि-पो (संघ) : मधल्या अक्षरावर, रेघ नाही
• आर्-बि-त्रो (पंच) : पहिल्यावर, रेघ आहे
• फुत्-बोल : पहिल्यावर असेल तर रेघ आहे, शेवटी असेल तर नाही
शब्द पाठ करताना त्याचा आघातही त्याच्यासोबतच पाठ करावा. नंतर दुरुस्ती करणे कठीण जाते.

२२/
राजाने ग्रंथ लिहवला, पंडिताने शब्द घडवला, हुकूमशहाने पाट्या बदलल्या. यांतील ग्रंथ मोलाचा ठरला, शब्द अर्धवट जगला आणि पाट्या पुन्हा उतरल्या. ‘आखेद्रेस’, ‘कांचा’, ‘फुत्बोल’ यांना कोणी आज्ञा देऊन भाषेत आणले नाही. खेळणाऱ्यांनी आणि पाहणाऱ्यांनी ते आणले, आपापल्या जिभेच्या सवयीने त्यांवर आघात ठेवला, आणि व्याकरणाने मागाहून त्याची नोंद घेतली. मेक्सिको आणि माद्रिद यांच्यातील आघाताचा वाद अकादमीने एका बाजूने निकाल देऊन मिटवला नाही; दोन्ही रूपे मान्य केली. भाषेच्या इतिहासात इतका समंजस निकाल वारंवार लागत नाही.

(समाप्त)